आबांचा डबा आणि आमच्या गावची गाडी

त्या दिवशी पंचायतीच्या ओट्यावर कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे मागून कोणी म्हणायला नको की म्हातारी डोकरी मनाचं सांगते. सरपंच मंगलाबाई होती, खुर्चीवर. तिचा मालक दगडूभाऊ होता, तो उभा होता, पण बोलत तोच होता. ग्रामसेवक भाऊसाहेब होते, त्यांना नंदुरबारला परत जायचं होतं म्हणून सारखे मोबाईल बघत होते. पिठाच्या गिरणीवाली सलमाभाभी होती, पिठाचे हात तसेच घेऊन आलेली. मी होते. आणि आबा होते, मांडीवर तेलाचा रिकामा डबा घेऊन.

आबांचं नाव सांगत नाही. गावात ते कोणी घेतच नव्हतं, आणि आता घेऊन काय करायचं. ते पंचायतीचे शिपाई. झाडू मारायचे, टाकीची चावी फिरवायचे, आणि दवंडी द्यायचे. आमच्याकडे आता सगळ्यांच्या हातात फोन आहे, तरी दवंडी आबांचीच चालायची.

दगडूभाऊ म्हणाला, "आबा, सोमवारपासून नंदुरबारनी गाडी गावमा येनार शे. पूल व्हई गया, डांबर पडनं. आज दवंडी दे."

आबा म्हणाले, "येऊ दे. येई तवय देसू."

"आरे, येवाना पहिले सांगनं पडस. ऊनी का मंग काय सांगनं? लोके आंधया शेतस का?"

"मी देखी नही."

भाऊसाहेबांनी मोबाईल खाली ठेवला. ते जळगावकडचे, नोकरीत शुद्ध बोलायचे. म्हणाले, "अहो आबा, एसटी डेपोचं पत्र आलंय. साहेबांची सही आहे."

"सही देखी, भाऊसाहेब. गाडी नही देखी."

सलमाभाभी हसायला लागली. म्हणाली, "दगडूभाऊ, यास्ले डेपोमाच लई जा आन गाडीना टायरले हात लावाले सांग. तवय बोलतीन."

दगडूभाऊला हसू आलं नाही. त्यानं मंडप सांगून ठेवला होता, नारळ आणले होते, मोठ्या लोकांना बोलावलं होतं. तो म्हणाला, "मंग दुसरा मानूस ठेवसू. डबा ठेव आठे आन घर जाय."

आबा उठले. डबा काखेत घेतला. म्हणाले, "नोकरी पंचायतनी शे, ती ठेवस. डबा मन्हा घरना शे." आणि गेले. मंगलाबाई तेवढ्यात एकदाच बोलली, "राहू द्या त्यांना." कोणी ऐकलं नाही.

आता पंचायत पुस्तक काढते आहे. रस्ता कसा झाला, पूल कसा झाला, गाडी कशी सुरू झाली, असं सगळं फोटोसकट. अंगणवाडीच्या मॅडम घरी आल्या, म्हणाल्या, आजी तुम्ही जुन्या आहात, रस्त्याविषयी सांगा, मी लिहून घेते. मी तिसरीपर्यंत शिकले. सही येते, बसवरची पाटी वाचता येते. रस्त्याविषयी मला आबांना सोडून काही सांगता येत नाही. म्हणून मॅडम, तुम्ही लिहा, मी सांगते. मध्ये कुठं चुकलं तर चुकू द्या.

आमचं गाव कोरीटच्या पलीकडं, मोठ्या रस्त्यावरून आत. मोठ्या रस्त्यावरून आमची वाट फुटते तो फाटा. फाटा आणि गाव यांच्यामध्ये नाला आहे. उन्हाळ्यात नाल्यात शेळ्या बसतात. पावसाळ्यात आम्ही बसायचो, अलीकडं, पाणी उतरायची वाट बघत. कोणाला पलीकडं जायचं असलं की लुगडं वर खोचायचं, चपला हातात. माझ्या डोक्यावरचं मिरच्यांचं गाठोडं दोनदा गेलं त्यात. आजारी माणसाला खाटेवर घालून चौघं न्यायचे. फाट्यावरून कालीपिली मिळायची. काळीपिवळी जीप असते ना, ती. त्यात माणसं कशी भरायचे ते सांगत नाही. पण ती यायची.

आबांच्या दवंडीची रीत अशी होती की जे झालेलं आहे तेच सांगायचं. होणार आहे ते नाही. आणि झालेलं सुद्धा स्वतः बघितल्याशिवाय नाही. गल्लीच्या तोंडाशी उभं राहायचे, डब्यावर काठी मारायचे, आणि सांगायचे, "नळले पानी उनं. मी देखेल शे." शेवटचं ते 'मी देखेल शे' दर वेळेला. म्हणजे पाणी आलं, मी बघितलंय. मग पुढच्या गल्लीत.

पाणी सात वाजता सुटणार असं फोनवर यायचं. सातला बाया नळाशी भांडी लावून बसायच्या आणि नळ नुसता फुसफुसायचा. ज्या शहाण्या होत्या त्या घरात भाकरी थापत बसायच्या आणि डबा वाजला की उठायच्या. आबा टाकीवरून यायचे, खालच्या गल्लीतल्या पहिल्या नळाखाली ओंजळ धरायचे, एक घोट प्यायचे, मग डबा. बाया म्हणायच्या, आबांच्या मिशा ओल्या दिसल्या की घागर उचलावी.

पोलिओचे थेंब पाजायला नर्सबाई आली की आबा तिच्या डब्याचं झाकण उघडून आत बघायचे. ती ओरडायची, "आबा, बर्फ वितळतो, झाकण लावा." ते लावायचे. मग जायचे सांगायला. रेशनचे गहू आले की कोपरापर्यंत हात पोत्यात घालायचे. दुकानदार चिडायचा, "काय सोनं शोधी ऱ्हायना का?" आबा हात बाहेर काढायचे, मूठ उघडायचे, गहू बघायचे आणि परत टाकायचे. एक दाणा खिशात नाही.

ग्रामसभेची दवंडी ते सभा भरल्यावर द्यायचे. भाऊसाहेबांनी किती समजावलं. पण आबांचं म्हणणं, दहा वेळा सभा ठरते आणि मोडते, बसलेली दिसली की सांगीन. त्यामुळं आमच्याकडं ग्रामसभेला लोक उशिरा यायचे, पण सभा झाली नाही आणि फुकट खेप झाली असं कोणाचं झालं नाही.

लाईट जाणार असली तर मजाच. तारेचं काम आहे, दुपारी लाईट जाईल, असं पंचायतीनं सांगायला लावलं. आबा बसले विजेच्या खांबाखाली. लाईट गेली. पंखे थांबले, सलमाभाभीची गिरणी अर्ध्या ज्वारीवर थांबली. मग आबा गल्लीत आले. "लाईट गयी. मी देखेल शे." सलमाभाभी दारात आली, म्हणाली, "ते मले बी दिखाई ऱ्हायनं आबा. चक्कीमा ज्वारी अटकनी ती कोन दखी?" आबा आत गेले, वाकून गिरणीत बघितलं, आणि खरंच पुढच्या गल्लीत जाऊन सांगितलं, सलमानी ज्वारी अटकनी, दळण घ्यायला येऊ नका. पोटं धरून हसले लोक.

नवीन आलेल्या सुना विचारायच्या, हा माणूस असा का आहे. जुने लोक सांगायचे नाहीत. माझ्यासमोर तर नाहीच. आता मी सांगते.

आबा आधी असे नव्हते. तरुणपणी त्यांच्याकडं डफ होता, कातड्याचा, त्यांच्या बापाचा. आवाज असा की नाल्यापलीकडं शेतात ऐकू यायचा. आणि दवंडीत ते आपल्या पदरचं घालायचे. पंचायतीनं एक सांगितलं की हे चार जोडायचे. ढोरांना सुया टोचणार म्हटलं तर हे सांगायचे, टोचलेली म्हैस दूध जास्त देईल. लोकांना आवडायचं. दवंडी ऐकायला पोरं मागं फिरायची.

तेव्हाही गाडी येणार असं ठरलं होतं. नवा मुरूम टाकला होता रस्त्याला, नाल्यावर फरशी बांधत होते, म्हणजे पाण्यावरून वाट असते तशी सिमेंटची. बाजाराच्या दिवसापासून सकाळची गाडी गावात येणार. त्या वेळच्या सरपंचानं एवढंच सांगितलं होतं. आबांनी डफ घेतला आणि गल्लीगल्लीत सांगितलं, "बाजारना दिनले गाडी गावमा येई. पोटुशी बाई, डोकरा, डोकरी, कोनी फाटावर जावानं नही. गाडी तुमना दारशी येई."

ते पोटुशी बाई त्यांनी आपल्या मनानं घातलं. चांगल्या मनानं घातलं. माझी लेक सुमन पहिल्या बाळंतपणाला आलेली होती, त्यांना ते माहीत होतं. आमच्या दाराशी तर त्यांनी दोनदा सांगितलं.

सुमनला डॉक्टरांनी सांगितलं होतं, मूल आडवं आहे, दिवस भरायच्या आधीच नंदुरबारला सरकारी दवाखान्यात आणून ठेवा. बाजाराचा दिवस धरला होता. कालीपिलीवाल्याला सांगून ठेवलं होतं, पुढची जागा ठेव म्हणून. दवंडी झाल्यावर माझ्या मालकानं त्याला निरोप धाडला, थांबू नको, आम्ही गाडीनं जातो.

सकाळी पारावर येऊन बसलो. सुमननं माझं चांगलं लुगडं नेसलं होतं, तिच्या साड्या पोटावर बसत नव्हत्या. पिशवीत बाळाची दुपटी, भाकरी, लसणाची चटणी. आबा डफाला हार घालून उभे होते. नारळ होता. सगळा गाव होता. ऊन वर आलं. सुमन दर थोड्या वेळानं विचारायची, "माय, गाडी ऊनी का?" मी म्हणायचे, येई. मग तिला कळा सुरू झाल्या, बसल्या जागी. अजून दिवस होते तरी झाल्या.

आबा फाट्याकडं पळत गेले. गाडी फाट्यापर्यंत आली होती. ड्रायव्हरनं उतरून फरशी बघितली होती, ओली होती, एका बाजूनं कठडाही नव्हता. तो म्हणाला, ही माझ्या गाडीचं वजन घेणार नाही, आणि गाडी वळवून घेऊन गेला. त्याचं बरोबर होतं. आबा तसेच पळत आले आणि स्वतःचे बैल जुंपले. तोवर कालीपिली कधीच निघून गेली होती.

बैलगाडी आबाच हाकत होते. नाल्याच्या चढावर सुमन गेली. बाळ आतच होतं. मी तिचं डोकं मांडीवर धरलं होतं. आबांनी मागं वळून बघितलं, मी मान हलवली, आणि त्यांनी बैल थांबवले. एवढंच. मग गाडी वळवून घरी आलो.

मी त्यांना बोल लावला नाही. लोकांना वाटायचं मी लावीन. दुसऱ्या दिवसापासून शेतात जायचं होतं, घरी दोन लहान होते, मालकानं जेवण सोडलं होतं. बोल लावायलाही माणूस मोकळं लागतं. आबांनीही माझी माफी मागितली नाही, कधीच नाही. डफ पाराखाली पडला होता तो त्यांनी उचलला नाही. पावसात भिजला, कातडं सुटलं, कुत्र्यांनी नेलं. पुढं पंचायतीनं दवंडी द्यायला सांगितली तेव्हा ते घरून तेलाचा डबा घेऊन आले. आणि तेव्हापासून 'मी देखेल शे'.

मला बहीण म्हणायचे, आधीपासून. रस्त्यात भेटले की "बहीन, बरं शे ना?" मी म्हणायचे, बरं आहे. दुसरं बोलणं आमचं नव्हतं. पण पाणी आलं, गहू आले, डॉक्टर आला, काहीही असो, माझ्या दाराशी त्यांचा डबा दोनदा वाजायचा. बाकीच्यांकडं एकदा.

तर आता तो सोमवार. आबांनी दवंडी दिली नाही, दगडूभाऊनं देवळाच्या भोंग्यावरून स्वतःच सांगितलं, फोनवर टाकलं, गाडीचं चित्र टाकलं, त्यावर फुलं. सकाळी मंडपात सगळे. बँडवाले विसरवाडीहून आणले होते. दहा वाजले, गाडी नाही. अकरा वाजले. भाऊसाहेबांनी डेपोत फोन लावला तर तिथं म्हणे, पुलाचा एक कागद अजून आलेला नाही, पुढच्या आठवड्यात बघू. सलमाभाभी बायांत बसली होती, मोठ्यानं म्हणाली, "बायास्ले अर्धं तिकीट करं म्हनीसन गाडी बी अर्धा रस्ताच येस का?" बँडवाले सुद्धा हसले. दगडूभाऊचं तोंड बघवत नव्हतं. त्याचीही मेहनत होती, पुलासाठी तो किती वेळा तालुक्याला गेला ते मला माहीत आहे.

मी घरीच होते, हे सगळं मागून सलमाभाभीनं सांगितलं. मंडपात माझ्यानं बसवलं नसतं.

पुढच्या सोमवारीही नाही आली. मग लोकांनी भोंग्याचं ऐकणं सोडलं. सकाळी बाया दारातून विचारायच्या, "आबा, काय?" आबांना कामावरून काढलेलं होतं, म्हणजे काढलं असं बोलले होते, कागद कोणी केला नव्हता. पण ते रोज सकाळी फाट्यावर जायचे. पायजमा वर करून, काखेत डबा. पूल झालेला होता, कोरडा, चांगला रुंद, तरी आबा जुन्या सवयीनं पायजमा वर करायचे. फाट्यावर चहाच्या टपरीशी उभे राहायचे. नंदुरबारची गाडी यायची, तिथूनच सरळ निघून जायची. मग परत यायचे. "काय आबा?" "नही." डबा वाजायचा नाही.

एक दिवस मी ओट्यावर लसूण सोलत होते. थंडी होती. लांबून हॉर्न ऐकू आला. गावात ट्रॅक्टर असतात, मी लक्ष दिलं नाही. मग आबा आले. धापा टाकत होते. डबा काखेत होता, वाजवला नव्हता. माझ्यासमोर उभे राहिले.

"बहीन, गाडी ऊनी."

मी त्यांच्याकडं बघत राहिले.

"मी देखेल शे. फाटावरथून तिनामाच बशीसन उनू. पूलवरथून ऊनी, पाय भिजना नही. चाल."

मी म्हटलं, "मी कोठे जाऊ?"

"चाल."

लसूण तसाच टाकला, हात पदराला पुसले आणि गेले. गाडी पाराखाली उभी होती, इंजिन चालूच. ह्या वेळी मंडप नाही, बँड नाही. ड्रायव्हर पोरगाच होता, घाई करत होता. दगडूभाऊ नारळ घेऊन पळत आला, फोटो काढणारा कोणी सापडत नव्हता त्याला. माझ्याकडं बघितलं, आबांकडं बघितलं, आणि फोटोचं राहू दिलं. त्यालाही माहीत होतं, त्याच्या बापानं सांगितलेलं असणार. नारळ फोडून तो बाजूला झाला, म्हणाला, "काकू, पहिले तुम्ही चढा."

मी चढले. आबांनी हाताला धरून वर घेतलं, पुढच्या सीटवर खिडकीशी बसवलं. आणि स्वतः उतरायला लागले.

मी म्हटलं, "आबा, तू नही येस का?"

"मले बठ्ठास्ले सांगनं शे."

सगळा गाव पाराखाली उभा होता. सांगायला कोणी उरलं नव्हतं. तरी ते गेले. गाडी निघाली तेव्हा मला खिडकीतून दिसत होतं, रिकाम्या गल्लीत आबा उभे आहेत, काठी डब्यावर मारताहेत, गाडी ऊनी, मी देखेल शे, आणि पुढच्या गल्लीत जाताहेत.

नाला आला. मी तो चढ बघायचा म्हणून बसले होते. पदर सावरेपर्यंत मागं गेला. एवढासाच होता.

कंडक्टरनं विचारलं, "आजी, कुठं जायचं?" मी म्हटलं, सरकारी दवाखाना. तो म्हणाला, "काय होतंय?" मी म्हटलं, काही नाही. दवाखान्याच्या फाटकापर्यंत चालत गेले, बाहेर बाकड्यावर थोडं बसले, चहा घेतला आणि दुपारच्या फेरीनं परत आले. घरी आले तर आबा माझ्या ओट्यावर बसून राहिलेला लसूण सोलत होते. मी पाणी दिलं.

नोकरी त्यांची राहिली. कागद कोणी केलाच नव्हता.

मागच्या हिवाळ्यात त्यांना दम्यानं धरलं, नंदुरबारला ठेवलं. एका सकाळी गावाच्या ग्रुपवर आलं की आबा गेले. खाली सगळ्यांचे हात जोडलेले. माझ्या सुनेनं वाचून दाखवलं. मी गाडीत बसून गेले. वॉर्डात आबा उशीला टेकून चहात पाव बुडवत होते. मी म्हटलं, "आबा, तू मरी गया म्हने. फोनमा उनं."

ते बराच वेळ खोकले, मग हसले. म्हणाले, "कोनी देखं का?"

मग काही दिवसांनी खरंच गेले. मी तेव्हा शेजारी होते, त्यांच्या पोराबरोबर. त्याच गाडीच्या वेळेला आम्ही गावात पोचलो. मी आधी त्यांच्या घरी गेले, कोनाड्यातून डबा घेतला. मला काठी मारता येत नाही, मी लाटणं घेतलं. गल्लीगल्लीत गेले. माझा आवाज फार पोचत नाही. "आबा गया. मी देखेल शे." सलमाभाभीनं गिरणी बंद केली आणि माझ्याबरोबर चालायला लागली.

डबा आता माझ्याकडं आहे. पाणी आलं की मी वाजवते, जमेल तेवढं.

मॅडमनी मला ह्या पुस्तकातलं पुढचं पान वाचून दाखवलं. त्यात छापणार आहेत की लवकरच संध्याकाळची गाडीही गावात येणार. येवो. चांगलं आहे. जो कोणी हे वाचेल त्याला माझं एवढंच मागणं आहे. ती गाडी पाराखाली उभी दिसेपर्यंत घरातल्या पोटुशी बाईला, आजारी माणसाला थांबवून ठेवू नका. फाट्यावर न्या आणि कालीपिलीत बसवा.